दोऱ्यानं बांधलेलं पेन

कॉम्प्युटरवाल्या पुतण्याला घरची मंडळी दोनच कारणांसाठी आठवतात. एक, प्रिंटर चालत नाही म्हणून. आणि दोन, "जरा फास्ट करून दे" म्हणून. मे २०१६ मध्ये काकांनी मला कऱ्हाडला बोलावलं ते या दुसऱ्या कारणासाठी. ऐन लग्नसराई होती.

काकांचं डीटीपीचं छोटंसं दुकान आहे. लग्नपत्रिका, वास्तुशांतीची कार्डं, पतसंस्थांचे अहवाल, झालंच तर एखाद्या हौशी कवीचा संग्रह. काउंटरवर ऑर्डरची लांबडी वही आणि त्या वहीला दोऱ्यानं बांधलेलं पेन. हे पेन मी लहानपणापासून बघत आलोय. गिऱ्हाइकं खिशात घालून नेतात म्हणून बांधलं असणार, असं मी धरून चाललो होतो. असो, त्या पेनाकडे नंतर येतो.

काकांचं सगळं काम विंडोज एक्सपीवर आणि पेजमेकरमध्ये. फॉन्ट युनिकोडच्या आधीच्या जमान्यातले. म्हणजे इंग्रजी अक्षरांच्या जागांवर मराठी अक्षरांचे तुकडे बसवलेले. फॉन्ट नसेल तर 'श्री गजानन प्रसन्न'च्या जागी नुसती चिन्हांची खिचडी दिसते. वर त्या फॉन्टच्या सॉफ्टवेअरला यूएसबीचं कुलूप, म्हणजे डोंगल. ते लावलं नाही तर एक अक्षर उमटत नाही. त्यामुळे काका एक्सपी सोडू शकत नव्हते. पण जग एक्सपी सोडून गेलं होतं! ८ एप्रिल २०१४ ला त्याचा सपोर्ट संपला आणि एप्रिल २०१६ मध्ये क्रोमनंही एक्सपीला रामराम ठोकला.

यावर उपाय म्हणून मी आधीच, २०१० साली, त्याच डिस्कच्या दुसऱ्या भागात उबुंटू टाकून ठेवलं होतं. मशीन चालू करताना विचारायचं, एक्सपी की उबुंटू? यालाच ड्युअल बूट म्हणतात. (घरातल्या वाचकांसाठी: एकाच वाड्यात दोन बिऱ्हाडं, पण एका वेळी एकच घरात असतं.) मजकूर आला की तो उबुंटूत उतरवून घ्यायचा, मशीन रिस्टार्ट, एक्सपीत पत्रिका जुळवायची, पुन्हा रिस्टार्ट, मेलनं प्रूफ पाठवायचं, गिऱ्हाइकाची दुरुस्ती आली की पुन्हा रिस्टार्ट. काका दिवसातून दहा-बारा वेळा मशीन बंद-चालू करत होते, आणि प्रत्येक वेळी एक चहा.

मी म्हटलं, "काका, एक्सपी उबुंटूच्या आतच एका खिडकीत चालवू या. रिस्टार्टची भानगडच नको." याला व्हर्च्युअल मशीन म्हणतात. कॉम्प्युटरच्या आत खोटा कॉम्प्युटर. त्याची डिस्क ही सहसा एक मोठी फाइल असते. पण काकांनी अट घातली. "जुनं जसंच्या तसं राहिलं पाहिजे. तुझी खिडकी उघडली नाही तर मला नेहमीसारखं चालू करता यायला हवं." अट रास्त होती. तू पुण्याला गेल्यावर मी काय करू, असा तिचा अर्थ होता. म्हणून मी ठरवलं, एक्सपीची फाइल बनवायचीच नाही. व्हर्च्युअलबॉक्सला थेट डिस्कवरचा खरा भागच द्यायचा. त्यात तशी सोय आहे. चार ओळींची एक छोटी फाइल बनते, ती फक्त सांगते की डिस्क इथं नाही, अमुक पार्टिशनवर जाऊन बघ.

शनिवारी दुपारी बसलो आणि एकेक नमुना समोर यायला लागला.

पहिल्यांदा खिडकीत एक्सपीऐवजी 'ग्रब रेस्क्यू' असं लिहून आलं. कारण साधं होतं. मी फक्त एक्सपीचा भाग दाखवला होता. पण डिस्कच्या अगदी सुरुवातीला बसलेला दारवान उबुंटूचा, ग्रब नावाचा. त्याचं बाकीचं सामान उबुंटूच्या भागात, आणि तो भाग मी झाकलेला. मग सगळी डिस्कच का दाखवली नाही? कारण मग त्या खिडकीत चुकून उबुंटू निवडलं, तर आधीच चालू असलेलं उबुंटू स्वतःच्या पोटात दुसऱ्यांदा चालू होणार आणि सगळ्याचा सत्यानाश. म्हणून खिडकीपुरता वेगळा दारवान, म्हणजे वेगळा एमबीआर, बनवून दिला.

मग निळा पडदा. ०x७बी. एक्सपी सुरू होतंय, पण ज्या डिस्कवरून सुरू झालं तीच त्याला सापडत नाहीये! एक्सपीला ओळख होती खऱ्या मदरबोर्डच्या डिस्क कंट्रोलरची, खोट्या मशीनमधला कंट्रोलर निराळा. पुन्हा खऱ्या मशीनवर एक्सपी चालू केलं, डिव्हाइस मॅनेजरमध्ये जाऊन तिथला खास ड्रायव्हर काढून साधा 'स्टँडर्ड ड्युअल चॅनेल' ड्रायव्हर लावला. निळा पडदा गेला. आता काळा पडदा. एक्सपी दोन कोअरच्या मशीनवर इन्स्टॉल झालेलं, त्याला 'आय/ओ एपिक' हवं होतं. सेटिंगमध्ये एक टिक. मग एक्सपीला शंका आली की मालकानं मशीनच बदललं की काय, तीन दिवसांत पुन्हा ॲक्टिव्हेट करा म्हणे. तेही निस्तरलं. शेवटी डोंगल यूएसबीमधून खिडकीच्या आत पाठवलं.

रात्री दहाला उबुंटूच्या निळ्या-जांभळ्या पडद्यावर एक चौकट, तिच्यात एक्सपीची हिरवी टेकडी, आणि तिच्यात काकांचा पेजमेकर. काका हसले. काकूनं शिरा केला. मी स्वतःवर भलताच खूश.

रविवारी सकाळी काकांनी एक पत्रिका जुळवायला घेतली. सोमवारी सकाळी ती ऑफसेटला जाणार होती. नावांची यादी मेलनं आलेली. ती मी उबुंटूत उतरवली, फाइल मॅनेजरमध्ये डावीकडे एक्सपीची डिस्क दिसत होती, तिच्यावर क्लिक केलं, काकांच्या 'लग्न २०१६' फोल्डरमध्ये फाइल टाकली. खिडकीतल्या एक्सपीला ती दिसेना. रिफ्रेश केलं. दिसेना. पुन्हा टाकली. तेवढ्यात काकांनी त्यांची पत्रिका सेव्ह केली.

इथे वाचणाऱ्यांपैकी जे माझ्या धंद्यातले आहेत त्यांनी कपाळाला हात लावला असेल. बाकीच्यांसाठी सांगतो. कुठलीही सिस्टीम डिस्कवरची खातेवही दर वेळी नव्यानं वाचत बसत नाही. कुठे काय ठेवलंय, कुठली जागा रिकामी आहे, हे एकदा वाचून बराचसा भाग स्वतःच्या मेमरीत ठेवते आणि त्या आठवणीवर काम करते. कारण तिची खात्री असते की ही वही लिहिणारी आपण एकटीच. त्या सकाळी एक्सपीची तशी खात्री होती आणि उबुंटूचीही. दोघंही आपापल्या आठवणीप्रमाणे एकाच वहीत लिहीत होते. उबुंटूनं जी जागा रिकामी समजून वापरली, तीच एक्सपीनं रिकामी समजून दुसऱ्या कुणाला दिली. जो शेवटी लिहील त्याचं राहतं. आणि वाईट भाग हा, की त्या वेळी एकही एरर येत नाही. दोघांचं काम झोकात चालू असतं.

दुपारी एक्सपी पुन्हा सुरू केलं तर डिस्क तपासणी सुरू झाली. ओळींमागून ओळी धावल्या. संपल्यावर 'लग्न २०१६' फोल्डर गायब, आणि 'फाउंड.०००' नावाचं एक नवीनच फोल्डर.

मला काय झालं ते त्याच क्षणी कळलं. पोटात गोळा आला. तेवढी अक्कल मात्र शिल्लक होती की त्या डिस्कवर आता काहीही लिहायचं नाही. मशीन सीडीवरून चालू केलं, बाहेरच्या डिस्कवर सगळ्या पार्टिशनची नक्कल काढून घेतली, आणि पुढची शोधाशोध त्या नकलेवर केली. ४३ फाइलींपैकी ४० नीट निघाल्या. तीन उघडेनात. दोन जुन्या होत्या. तिसरी सोमवारची.

नशीब, काकांनी आदल्या प्रूफचा कागद ठेवला होता, गिऱ्हाइकाच्या लाल पेनातल्या दुरुस्त्यांसकट. रात्री मी नावं वाचत गेलो, चि. सौ. कां. पासून 'आमच्या मावशीच्या लग्नाला यायचं हं' म्हणणाऱ्या शेवटच्या चिल्ल्यापिल्ल्यांपर्यंत, आणि काका टाइप करत गेले. दीड वाजला.

उठताना काका म्हणाले, "माझंच काहीतरी चुकलं असेल रे. हल्ली बोटं कुठंही पडतात."

आणि मी म्हणालो, "जुनी डिस्क आहे काका. व्हायचंच."

हे वाक्य मी का बोललो, याचा नंतर पुष्कळ विचार केला. खोटं म्हणावं तर डिस्क जुनी होतीच. पण मला माहीत होतं कोणामुळे काय झालं. तरी मी काकांना त्यांच्या बोटांवर संशय घेऊ दिला आणि सोमवारच्या पहिल्या एस.टी.नं पुण्याला निघून आलो.

दोन आठवड्यांनी काकूचा फोन आला. सगळं बोलून झाल्यावर सहज म्हणाली, "अरे, ह्यांनी मशीनचा धसकाच घेतलाय. सेव्ह करायला पण शेजारच्या झेरॉक्सवाल्या पोराला बोलावतात."

त्याच शनिवारी कऱ्हाड गाठलं. दुकानात गेलो आणि उभ्याउभ्याच सांगून टाकलं. तुमची काही चूक नव्हती, मी दोन बाजूंनी एकाच डिस्कवर लिहिलं, मला हे माहीत असायला हवं होतं, आणि त्या रात्री मी ते लपवलं. काका काही बोलले नाहीत. बराच वेळ वहीचं पेन हातात घेऊन दोरा बोटाला गुंडाळत बसले. मग म्हणाले, "तुझे बाबा आणि मी मिळून छापखाना चालवायचो, ठाऊक आहे ना?"

ठाऊक होतं. खिळ्यांचा छापखाना, ट्रेडल मशीन. १९९४ ला बाबा बाहेर पडले आणि नोकरीला लागले, एवढंच घरात सांगितलं जायचं. कारण कुणी सांगत नसे.

"सकाळी मी बसायचो, दुपारी तो. उधारीची वही एकच. मी दुकानात लिहायचो, तो रात्री घरी जाऊन आठवणीतून लिहायचा. एकाच गिऱ्हाइकाचे पैसे मी जमा दाखवले, त्यानं बाकी दाखवले. बेरीज काही केल्या जुळेना. मग तू तू मैं मैं. खोटं कुणीच लिहिलं नव्हतं रे. दोघांनाही आपापलं पक्कं आठवत होतं, हाच घोळ."

मग पेन वर धरून म्हणाले, "तो गेल्यावर हा दोरा बांधला. वही दुकानातून हलायची नाही. पेन एकच. ज्याच्या हातात पेन, त्यानं लिहायचं, दुसऱ्यानं थांबायचं. पण तोवर उशीर झाला होता."

बाबा २०१३ मध्ये गेले. त्यांनी मला हे कधी सांगितलं नव्हतं. ज्या गोष्टीला आम्ही कॉम्प्युटरवाले 'लॉक' म्हणतो आणि कॉलेजात चार तास शिकतो, ती माझ्या डोळ्यांसमोर काउंटरवर लोंबकळत होती. आणि मला वाटत होतं पेन चोरीला जाऊ नये म्हणून आहे!

त्या दिवशी मी उबुंटूला एक्सपीचं पार्टिशन दाखवायलाच बंदी केली. एका छोट्या नियमानं ते फाइल मॅनेजरमधून नाहीसं होतं. खिडकी उघडायच्या आधी ते पार्टिशन आणखी कुठे माउंट आहे का हे तपासणारी दोन ओळींची स्क्रिप्ट लिहिली. असेल तर खिडकी उघडतच नाही. फाइलींची देवाणघेवाण उबुंटूच्या बाजूच्या वेगळ्या शेअर्ड फोल्डरमधून. आणि एक्सपीचं हायबरनेट बंद. अर्धवट झोपवलेलं एक्सपी दुसऱ्या बाजूनं उठवणं हाही त्याच वहीत दोघांनी लिहिण्याचा प्रकार.

आज कुणी हा उद्योग करणार असेल तर खड्डे वेगळे आहेत, पण जात तीच. विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, 'फास्ट स्टार्टअप' चालू असेल तर शट डाउन केलं तरी विंडोज पुरतं बंद होत नाही, अर्धं झोपतं. ते आधी बंद करा. मशीन यूईएफआयचं असेल तर व्हर्च्युअल मशीनलाही ईएफआयच हवं. बिटलॉकर चालू असेल तर खोट्या मशीनमध्ये रिकव्हरी की मागितली जाणार, ती हाताशी ठेवा. आणि सगळ्यात आधी पार्टिशनची नक्कल. ती झाली की बहुतेक वेळा लक्षात येतं, की खऱ्या पार्टिशनला हात लावायची गरजच नव्हती. नकलेवरच भागतं.

काकांचंही शेवटी तेच झालं. २०१९ मध्ये तो मदरबोर्ड गेला. आता त्यांचं एक्सपी ही नव्या मशीनवरची एक फाइल आहे, इंटरनेट तोडलेली, आणि तिच्या दोन नकला दोन वेगळ्या डिस्कवर. ड्युअल बूट इतिहासजमा.

सेव्ह मात्र काका स्वतःच करतात. मागच्या दिवाळीत गेलो तेव्हा मॉनिटरच्या कडेला त्यांच्याच जुन्या फॉन्टात छापलेली एक पट्टी दिसली: 'एका वेळी एकानेच लिहावे.' मी हसलो. काका म्हणाले, "हसतोस काय? तुझ्यासाठीच आहे ती."