तीसपैकी सत्तावीस

‘पक्षाघातानंतर विचारशक्तीची तपासणी कशी करतात, ते वाचकांना सोपं करून सांगा,’ असं संपादकांनी कळवलं, तेव्हापासून माझ्या डोळ्यांपुढे एकच कागद आहे. गेल्या वर्षी जूनमध्ये एका किराणा दुकानदारांच्या फाइलवर मी लिहिलं होतं : ‘गुण ३० पैकी २७. नॉर्मल.’ खाली सहीही माझीच.

वय छप्पन्न, शिक्षण दहावी, तालुक्याच्या गावी वडिलोपार्जित दुकान. मेंदूच्या डाव्या बाजूला, खोलवर, हरभऱ्याएवढ्या भागाचा रक्तपुरवठा तुटला होता. सहाव्या दिवशी ते उजव्या हाताच्या चिमटीत सुपारी धरू लागले आणि घरच्यांनी वॉर्डात पेढे वाटले. आपल्याकडे लकवा म्हणजे हात-पाय आणि वाकडं तोंड. माणूस चालू-बोलू लागला की बरा झाला. मेंदूचंही काही गेलं असेल, असं म्हटलं की नातेवाईक दुखावतात. ‘मॅडम, डोकं शाबूत आहे त्यांचं, सगळ्यांना ओळखतात,’ असं सांगतात.

ओळखणं, आठवणं ही मेंदूची कोठारं झाली. पण कोठारातलं काय, कधी, कोणत्या क्रमाने बाहेर काढायचं, हातातलं काम कुठे थांबवायचं, मोह कसा आवरायचा, हे पाहणारा एक कारभारी असतो. त्याचं मुख्य ठाणं कपाळामागे, पण त्याच्या तारा मेंदूच्या खोल भागातून जातात. म्हणून कपाळामागचा भाग धडधाकट असूनही खोलवरचा हरभऱ्याएवढा घाव कारभार मोडू शकतो.

१९७५ साली आलेल्या आणि अजूनही सर्रास वापरल्या जाणाऱ्या ‘मिनी मेंटल’ चाचणीत या कारभाऱ्याची जवळजवळ विचारपूसच नाही. २००५ साली आलेल्या मॉन्ट्रियलच्या ‘मोका’ चाचणीत ती आहे. आकडा आणि अक्षर आळीपाळीने जोडा, घड्याळ काढून त्यात अकरा वाजून दहा मिनिटं दाखवा, एका अक्षराचे शब्द मिनिटभर सांगा. एकूण गुण ३०. २६ किंवा जास्त आले तर ठीक. बारा वर्षं किंवा त्याहून कमी शिक्षण असेल तर एक गुण वाढवून द्यायचा.

माझं जुनं भांडण आहे ते त्या शब्दांच्या प्रश्नाशी. इंग्रजीत ‘एफ’ हे अक्षर सांगितलं की झालं. मराठी माणूस बाराखडीवर वाढलेला. त्याच्या लेखी ‘क’ वेगळा, ‘का’ वेगळा. ‘क’चे शब्द सांगा म्हटलं की तो कमळ, कप, करवत म्हणतो आणि अडतो. काकडी ओठांवर असते, पण ती ‘का’ची! अशा अडण्याला मेंदूचा दोष म्हणणं हा अन्याय आहे, हे मी परिषदांमधून तावातावाने मांडत आले. माझ्याकडे मी आधीच सांगते : क, का, कि, कु, सगळं चालेल. शब्द वेगळे आणि किमान अकरा हवेत. आगगाडी आणि सायकल यांत सारखं काय, या प्रश्नाचंही तेच. ‘दोन्हींना चाकं असतात’ या उत्तराला गुण नाही; ‘वाहनं’ म्हणायला हवं. चाकं पाहणाऱ्या माणसाचं काय चुकलं, असं मी विचारत असे.

त्या दुकानदारांनी शंभरातून सात-सात वजा करत ९३, ८६, ७९ असं धडाधड सांगितलं. आयुष्यभर तोंडी हिशोब केलेला माणूस, त्यात नवल नव्हतं. गुण गेले चार. आकडे-अक्षरं जोडताना अक्षरं सोडून ते आकड्यांमागे धावले. मी मनात म्हटलं, दमलेत. घड्याळाचा काटा बाराच्या पुढे दहा मिनिटांवर जायच्या ऐवजी १० या आकड्यावर गेला. हात अजून कच्चा आहे, म्हटलं. ‘क’चे आठच शब्द आले, त्यात ‘कपाट’ पुन्हा पुन्हा. बाराखडी, म्हटलं. आगगाडीला त्यांनीही चाकंच सांगितली. सव्वीसला शिक्षणाचा एक जोडला, सत्तावीस झाले.

चारही गुण एकाच कारभाऱ्याचे होते. आणि प्रत्येकासाठी माझ्याकडे सबब तयार होती. चाचणीच्या अन्यायापासून रुग्णाला वाचवायची मला इतकी सवय झाली होती की समोरचं दिसलं नाही. शिवाय सहाव्या दिवशीची तपासणी तिसऱ्या महिन्यात पुन्हा करायलाच हवी, हे मीच विद्यार्थ्यांना शिकवते. या दुकानदारांना मात्र ती तारीख दिली नाही. ‘नॉर्मल’ला कशाला पुन्हा बोलवायचं?

दिवाळीच्या तोंडावर त्यांच्या पत्नी त्यांना घेऊन आल्या. दुकानात जो व्यापारी येईल त्याला हे ‘पाठवा’ म्हणत होते. पातळ पोह्यांची बारा पोती येऊन पडली होती, साखर मात्र संपलेली. शेंगदाणे तोलताना दुसऱ्या गिऱ्हाइकाने तेल मागितलं की तराजू तसाच सोडून तेलाकडे. मुलगा म्हणायचा, ‘बाबांना आता दुकान नको झालंय.’ भाऊबंद म्हणायचे, आजारपणाचं निमित्त झालंय.

१९९१ साली शॅलिस आणि बर्जेस या इंग्लंडमधल्या संशोधकांनी असेच तीन रुग्ण मांडले होते. टेबलावरच्या चाचण्यांत बरेचसे उत्तम, बाजारातली कामं सांगितली की कोलमडणारे. त्याच धर्तीवर मी दुकानदारांना चिठ्ठी दिली : पेन, पोस्टाचं पाकीट आणि केळी आणा, पन्नास रुपयांच्या आत, एका दुकानात एकदाच जा, पंधरा मिनिटांत परत या. त्यांनी नियम मोठ्याने वाचले, न चुकता परत म्हणून दाखवले. मी चार पावलं मागे राहिले. दवाखान्यासमोरच्या स्टेशनरीत ते तीनदा गेले. पंचवीस मिनिटांनी टेबलावर तीन पेनं ठेवली.

‘नियम काय होता?’

‘एका दुकानात एकदाच जायचं,’ ते म्हणाले, अगदी बरोबर.

त्यांच्या पत्नी पेनांकडे बघत राहिल्या. ‘म्हणजे हे मुद्दाम करत नाहीत?’

‘नाही,’ मी म्हटलं. ‘आणि हे मी जूनमध्येच सांगायला हवं होतं.’

यंदा मागणीची वही मुलाकडे आहे. व्यापारी आला की आधी वही उघडायची, मगच हो म्हणायचं, असा कागद गल्ल्यावर चिकटवलाय. तोलायला एका वेळी एकच गिऱ्हाईक. हिशोब मात्र तेच करतात, अजूनही तोंडी.