सातचा स्लॉट

२००९ ते २०१६ अशी सात वर्षं मी मुलांच्या एका वाहिनीचं वेळापत्रक करत होते. वाहिनीचं नाव सांगत नाही. लोअर परळच्या आमच्या ऑफिसात भिंतीवर एक मोठा तक्ता असायचा. या धंद्यात त्याला एफपीसी म्हणतात, म्हणजे फिक्स्ड पॉइंट चार्ट. वर सात वार, डावीकडे अर्ध्या-अर्ध्या तासाचे अठ्ठेचाळीस खाने. शेजारी इतर वाहिन्यांचेही तसेच तक्ते लावलेले. त्यांनी कुठे काय हलवलं ते सकाळी आल्याआल्या बघायचं आणि मग चहा घ्यायचा.

नोकरी लागली तेव्हा सासूबाईंना मी कामाचं स्वरूप सोप्या शब्दांत सांगितलं होतं, ‘‘कार्टून किती वाजता लावायचं ते मी ठरवते.’’ त्या थोडा वेळ गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, ‘‘आणि त्याचा पगार देतात?’’

वाटतं तितकं ते सोपं नव्हतं. मूल टीव्हीसमोर कधी असतं हे आधी समजून घ्यावं लागे. सकाळी सात ते आठ, दप्तर भरताना. दुपारी एक ते अडीच, सकाळच्या शाळेतून परतल्यावर जेवताना. मग चारनंतर, ट्यूशनला जाईपर्यंत. हे झालं मुंबईचं. आमची वाहिनी मात्र देशभर दिसायची आणि देशाला घड्याळ एकच. गुवाहाटीला सूर्य मुंबईच्या बराच आधी मावळतो, तिथलं पोर अंधार पडला म्हणून घरात येतं तेव्हा आमच्याकडे मुलं अजून खाली खेळत असतात. दिल्लीच्या शाळांना जूनमध्ये सुट्टी असते तेव्हा तमिळनाडूतल्या शाळा सुरू झालेल्या असतात. बंगालमध्ये पूजेची सुट्टी, आपल्याकडे दिवाळीची. चित्र सगळीकडे तेच, फक्त आवाजाचे ट्रॅक वेगळे: हिंदी, तमिळ, तेलुगू. त्यामुळे चेन्नईच्या मुलानं किती वाजता काय बघायचं हेही लोअर परळला ठरायचं.

मराठी ट्रॅक नव्हता. एका बैठकीत मी विषय काढून पाहिला. उत्तर मिळालं की मराठी मुलांना हिंदी कळतंच, मग डबिंगचा खर्च कशाला? आकड्यांच्या भाषेत ते बरोबरच होतं. प्रेक्षकसंख्या मोजताना दक्षिणेची चार राज्यं सोडून उरलेल्या देशाला ‘हिंदी भाषक बाजारपेठ’ असं नाव होतं. त्यात महाराष्ट्र होता, गुजरात होता, बंगाल आणि ओडिशासुद्धा होते. तमिळ मुलांसाठी २००७ पासून चुट्टी टीव्ही होता, मल्याळी मुलांना २०११ मध्ये कोचू टीव्ही मिळाला. आमचा मुलगा घरात धावताना ‘‘आजी, बचाओ!’’ असं ओरडायचा, आणि आजी पोळी लाटता लाटता ‘‘अरे थांब, आले’’ म्हणायची.

मुलांचं एक वैशिष्ट्य धंद्याच्या फार सोयीचं आहे. त्यांना पुन्हा पुन्हा तेच आवडतं. अकरा मिनिटांचा एक भाग, असे दोन मिळून जाहिरातींसह अर्धा तास. एका मालिकेचे बावन्न भाग विकत घेतले तर रोज दोन याप्रमाणे सोमवार ते शुक्रवार पाच आठवडे आणि वर एक दिवस पुरतात. मग पुन्हा पहिल्यापासून. मोठ्या माणसांची मालिका अशी दाखवली तर मोर्चा येईल. मुलं मात्र पुढचं वाक्य आधी म्हणून दाखवण्यात खूश असतात. तरीही एक मर्यादा असते. पाचव्या की सहाव्या फेरीला आकडे हळूच घसरतात, आणि ती घसरण दिसायच्या आत नवीन भाग आणायचे, हे कौशल्य. नवीन भाग महाग असतात, म्हणून ते उन्हाळ्यासाठी, दिवाळीसाठी आणि बालदिनासाठी राखून ठेवायचे. उन्हाळ्यातही २००८ पासून आयपीएल आलं आणि रात्री आठनंतर बापच रिमोट घेऊन बसायला लागले.

वाहिन्यांमधली चुरस बारीकसारीक गोष्टींत असायची. समोरच्याची मालिका पाच वाजता सुरू होते ना, मग आपली दोन मिनिटं आधी सुरू करायची. मूल एकदा गोष्टीत शिरलं की पाचला उठत नाही. एक कार्यक्रम संपून दुसरा सुरू होतो त्या सांध्यावर जाहिरात ठेवायची नाही, कारण मूल चॅनेल बदलतं ते तिथेच. जाहिराती तासाला बारा मिनिटांच्या वर नकोत असा नियम. ती बारा मिनिटं तासात कुठे पेरायची यावर आमचे वाद होत. २००८ मध्ये पोगोवर ‘छोटा भीम’ आला. तोवर या वाहिन्या मुख्यतः अमेरिकी आणि जपानी मालिकांवर चालत होत्या. हैदराबादेत बनलेला तो धोतरातला मुलगा पोरांनी असा उचलला की सगळ्यांनाच देशी मालिका शोधाव्या लागल्या. २०१२ मध्ये निकवर ‘मोटू पतलू’ आले, तेही ‘लोटपोट’ या जुन्या हिंदी मासिकातून.

पण खरा प्रतिस्पर्धी दुसरं कार्टून नव्हे, हे मला उशिरा उमगलं. संध्याकाळी सात ते दहा हा वेळ आमच्या तक्त्यात जवळपास सोडून दिलेला असायचा. जुने भाग, फेरप्रक्षेपण, काहीही. कारण भारतातल्या बहुतेक घरांत टीव्ही एकच आणि संध्याकाळी रिमोट घरातल्या बाईकडे. तिच्या मालिका त्या वेळी असतात. २०१३ मध्ये आमच्या वरिष्ठांनी ठरवलं की हा प्रदेश जिंकायचा. मुख्य मालिकेचे नवीन भाग संध्याकाळी सात वाजता. तक्त्यावर तो खाना मीच भरला. जेवणाची वेळ धरा, असं माझंच म्हणणं होतं. मूल जेवत नाही ही आईची काळजी असते, कार्टून लावलं की ते जेवतं. रिमोट आपोआप मिळेल.

मिळाला. चार ते चौदा वयाच्या मुलांचे आकडे तीन आठवड्यांत वर गेले. पीपलमीटर असलेल्या घरांत प्रत्येक माणसाचं एक बटण असतं. टीव्हीसमोर बसलं की आपलं बटण दाबायचं. त्यामुळे मुलांबरोबर कोण बसलंय तेही कळतं. सातला मोठ्या बायकांची बटणंही दाबली जात होती. बैठकीत मी तो आलेख दाखवला तेव्हा टाळ्या पडल्या. कुणीतरी म्हणालं, ‘‘मम्मीज लव्ह इट.’’ जाहिरातविभागाला हे हवंच होतं, आता साबण आणि तेलाच्या जाहिरातीही मागता येणार होत्या.

त्या दिवसांत मी दादरहून जलद लोकल धरून आठच्या सुमारास डोंबिवलीला घरी पोचत असे. मुलगा पहिलीत होता, त्याची सकाळची शाळा. मी घरी येईपर्यंत त्याचं जेवण झालेलं असायचं, आणि सासूबाई ‘‘पोळी संपवली हो त्यानं’’ असं आल्याआल्या सांगायच्या. मला बरं वाटायचं.

एका रविवारी खालच्या मजल्यावरच्या काकू वर आल्या. त्या आणि सासूबाई एकच मालिका बघत, सातची, आणि दुसऱ्या दिवशी जिन्यात त्यावर बोलत. काकूंनी विचारलं, ‘‘काल बघितलंत? शेवटी घर सोडलंच की तिनं.’’ सासूबाई म्हणाल्या, ‘‘माझं सुटलंय ते.’’

मी स्वयंपाकघरात होते. काकू गेल्यावर विचारलं, ‘‘आई, सुटलं म्हणजे?’’

‘‘अगं, सातला त्याचं लागतं ना. तो जेवतो त्याच्यासमोर.’’

‘‘मग दुपारी बघा. दुपारी परत लागते तुमची मालिका.’’

‘‘दुपारी दीडला लागते. तेव्हा तो शाळेतून येऊन जेवत असतो.’’

एक ते अडीच. तो खानाही माझाच होता. मालिका तिसऱ्यांदा लागायची ती रात्री साडेअकराच्या पुढे, आणि सासूबाई पहाटे पाचला उठतात. पूर्वी आतल्या खोलीत एक जुना छोटा टीव्ही होता. केबलवाल्यानं एकाच वायरीतून दोन्ही संच जोडून दिले होते. त्याच वर्षी सेट-टॉप बॉक्स सक्तीचा झाला. एका संचाला एक बॉक्स. आम्ही एकच घेतला, कारण माझ्याच मते घरात दोन टीव्ही कशाला? तेव्हापासून छोटा संच काळा पडून होता आणि त्याच्यावर इस्त्रीचे कपडे ठेवले जात.

म्हणजे मी आलेखात दाखवलेल्या त्या बायका. सोमवारी ऑफिसात जाऊन मी ही गोष्ट वरिष्ठांना सांगितली, थोडी हसत, थोडी चाचपत. त्यांना ती फार आवडली. म्हणाले, ‘‘हेच प्रेझेंटेशनमध्ये घाल.’’ मी घातलं नाही, पण सातचा खानाही बदलला नाही. बदलायचा म्हटला तरी काय कारण देणार होते? पगारवाढीचा महिना जवळ होता, तेही खरं.

दिवाळीच्या बोनसमधून मी दुसरा बॉक्स आणला. छोट्या टीव्हीवरचे कपडे उचलले, आतल्या खोलीत खुर्ची ठेवली. सासूबाई तीन संध्याकाळी तिथे बसल्या. चौथ्या दिवशी मी आले तर पुन्हा बाहेर, मुलाच्या शेजारी, ताट मांडीवर घेऊन. ‘‘तिकडे एकटीनं काय बघायचं,’’ म्हणाल्या. ‘‘आणि मधलं इतकं गेलंय, की तो कोण आणि ही कुणाची हेच कळत नाही.’’ मी पुढे काही बोलले नाही. दुसऱ्या बॉक्सचे पैसे मात्र आम्ही वर्षभर भरत राहिलो.

नंतर मोजणी करणारी संस्था बदलली. २०१५ मध्ये बार्कचे आकडे सुरू झाले. ते गुरुवारी येत, म्हणून आमचे गुरुवार छातीत धडधडीचे. त्या ऑक्टोबरमध्ये गावांतले आकडेही पहिल्यांदा आले. त्याआधी खेड्यातलं मूल आमच्या हिशेबात नव्हतंच. तक्ते पुन्हा पहिल्यापासून मांडले. सातचा खाना टिकला.

मुलगा तोवर आठ वर्षांचा झाला होता आणि कार्टूनला नाक मुरडायला लागला होता. ‘‘हे लहान मुलांचं आहे,’’ म्हणून तो खाली क्रिकेट खेळायला जायचा. एकदा मी लवकर घरी आले. सात वाजून गेले होते. टीव्हीवर आमचीच मालिका चालू होती आणि समोर सासूबाई एकट्याच मटार सोलत बसल्या होत्या. मी चॅनेल बदलून देऊ का विचारलं. ‘‘राहू दे,’’ म्हणाल्या. मग मटाराचं ताट बाजूला ठेवून, जरा तक्रारीच्या सुरात, ‘‘काय गं, नवीन कधी लावणार? हे सगळे तीन-तीनदा बघून झालेत माझे.’’

नवीन भागांची तारीख जाहीर होईपर्यंत बाहेर सांगायची नाही, असा आमच्याकडे कडक नियम होता.

‘‘चौदा नोव्हेंबरला,’’ मी म्हटलं. ‘‘कुणाला सांगू नका.’’

त्या उठल्या, कालनिर्णयचं पान उलटलं, आणि चौदा तारखेभोवती पेनानं गोल केला.