बाबांची पट्टी

अँटिबॉडी पहिल्यांदा हातात आली तेव्हा थोडी निराशाच झाली. थर्माकोलचा भला मोठा खोका, आत कोरडा बर्फ आणि त्यात करंगळीच्या पेराएवढी कुपी. तळाशी 100 मायक्रोलिटर, म्हणजे दोन-तीन थेंब. सशाच्या रक्तातून काढलेले. गाइड एवढंच म्हणाले, "सांडलंस तर तुझं स्टायपेंड सांडलं." श्वास रोखून पाच-पाच मायक्रोलिटरचे वाटे केले. हिशेबाने वीस, भरले एकोणीस. विसावा कधीच भरत नाही.

ही अँटिबॉडी शोधते अल्फा-1 अँटिट्रिप्सिन. पांढऱ्या पेशी जंतूंवर इलॅस्टेज सोडतात. ते मोकाट सुटलं तर फुप्फुसाची लवचीक जाळीच कुरतडतं. त्याला आवरायला यकृत हे प्रथिन रक्तात सोडतं. काम उंदराच्या सापळ्यासारखं: 358 व्या जागेवरचं मेथिओनिन हे आमिष. इलॅस्टेजने चावा घेतला की चाप उसळतो आणि दोघंही कायमचे अडकतात. एका सापळ्यात एकच उंदीर.

1963 साली स्वीडनमध्ये लॉरेल आणि एरिक्सन यांनी पाच जणांच्या रक्तात या प्रथिनाचा पट्टा जवळजवळ नसल्याचं नोंदवलं; तिघांची फुप्फुसं बिघडलेली होती. नसलेलं दिसायला वेगळी नजर लागते. मला वर्षानुवर्षं दिसलं ते असलेलंच: दूध पावडरीत बुडवलेला कागद, रात्रभर कोल्डरूम, सकाळी डार्करूमच्या लाल उजेडात फिल्मवर उमटणारी 52 किलोडाल्टनची काळी पट्टी.

बाबांना तेव्हा जिना चढताना धाप लागायची. सिगारेट सुटली नव्हती. "माझ्यात आहे का बघ ते तुझं," म्हणाले. नियमात बसत नव्हतं, तरी एका रकान्यात त्यांचा प्लाझ्मा सोडला. पट्टी उमटली ती माझ्यापेक्षा जाड! शरीरात दाह असला की यकृत हे प्रथिन जास्तच बनवतं. बाबा खूश.

पण धुराने फुप्फुसात नेमकं ते मेथिओनिनच ऑक्सिडाइझ होतं. सापळा जागेवर, आमिष नासलेलं. माझी अँटिबॉडी सापळे दाखवते. चाप उसळेल का, हे तिला कळत नाही. मला कळत होतं. मी बोलले नाही.

ती फिल्म बाबांनी मागून घेतली आणि छातीच्या एक्स-रेच्या पाकिटात ठेवली. दवाखान्यात डॉक्टरांना आधी तीच दाखवायचे.