दुसरी बाजू

मनुष्याला कोणत्या ना कोणत्या संग्रहाचा नाद असतोच. कोणी टपालाचीं तिकिटें जमवितो, कोणी जुनीं नाणीं जमवितो, आणि ज्याला कांहींच जमवितां येत नाहीं तो निदान तक्रारी तरी जमवितो. आमचा संग्रह पाहावयास येणाऱ्या पाहुण्याची मात्र नेहमीं निराशा होते. पातूरच्या आमच्या घरीं, माजघरांतल्या लोखंडी कपाटाचे तीन खण तबकड्या, रिळें, कॅसेटी आणि सीडी यांनीं भरलेले आहेत; परंतु त्या सर्वांत गाणारा मनुष्य एकच आहे. ते म्हणजे वसंतराव देशपांडे. त्यांतही एकट्या मारव्याचीं अकरा ध्वनिमुद्रणें आहेत. "एका माणसाचा एकच राग अकरा वेळां कशाला हवा?" असा प्रश्न आमच्या घरांतून वर्षांतून एकदां, दिवाळीच्या साफसफाईच्या वेळीं, न चुकतां विचारला जातो.

या प्रश्नाचें उत्तर वरवर पाहतां सोपें आहे. एकच 'हॅम्लेट' आम्ही गेलीं सत्तावीस वर्षें वर्गांत शिकवीत आलों आहों आणि त्याबद्दल सरकार आम्हांला पगार देतें. मग एकच मारवा अकरा वेळां ऐकण्यांत वावगें तें काय? परंतु हें उत्तर वकिली आहे, हें आम्ही मनांतून जाणून आहों. खरें उत्तर निराळें आहे, आणि तें देण्याचा धीर होण्यास आम्हांला थोडा वेळ लागेल. तोंवर वाचकांनीं आमच्याबरोबर कपाट पाहावें.

वसंतरावांचा जन्म २ मे १९२० चा, आणि गांव मूर्तिजापूर. म्हणजे आमच्याच अकोला जिल्ह्यांतलें. आपल्या मुलखांतला मनुष्य नांवारूपाला आला कीं त्याच्या कीर्तीचा थोडा वांटा आपल्याही नांवावर जमा झाल्यासारखें वऱ्हाडी मनुष्याला वाटतें, आणि आम्ही त्याला अपवाद नाहीं. परंतु हा गळा घडला तो मात्र अनेक गांवीं. नागपुरास शंकरराव सप्रे यांनीं त्यांना शिकविलें. १९३५ सालच्या 'कालियामर्दन' बोलपटांत त्यांनीं कृष्णाची भूमिका केली. लाहोरास असद अली खां यांच्यापाशीं त्यांनीं मारवा घोटला. पुढें सुरेशबाबू माने, अमान अली खां अशा गुरूंकडून ते घेत गेले, आणि दीनानाथ मंगेशकरांच्या गाण्याचें वेड तर त्यांना जन्मभर होतें. इतकें करून उदरनिर्वाहासाठीं कितीएक वर्षें त्यांनीं लष्कराच्या हिशेब खात्यांत नोकरी केली. दिवसा हिशेब मांडावा, आणि रात्रीं कोणत्याच हिशेबांत न बसणारें गाणें गावें, असें तें आयुष्य होतें. १९६७ सालीं 'कट्यार काळजांत घुसली' हें नाटक रंगभूमीवर आलें, आणि त्यांतील खांसाहेबांच्या भूमिकेनें त्यांचें नांव घरोघर झालें. ३० जुलै १९८३ रोजीं ते गेले. लौकिक पदरांत पडल्यावर मिळालीं तीं सोळाच वर्षें. त्यामुळें कंपन्यांनीं काढलेल्या त्यांच्या ध्वनिमुद्रिका त्यांच्या गाण्याच्या मानानें थोड्या. आणि खरें गाणें राहिलें तें रसिकांच्या घरांतल्या टेपांवर.

आवाज हा मोठा कृतघ्न पदार्थ आहे. आमच्या गांवाशेजारच्या टेकडींत जुन्या काळच्या कारागिरांनीं लेणीं कोरलीं. त्यांच्या छिन्नीचे घाव अजून दिसतात, पण छिन्नीचा नाद त्याच दिवशीं विरून गेला. १९०२ सालीं कलकत्त्यास गौहरजान यांचें गाणें तबकडीवर उतरलें तेव्हां आपल्याकडे हा शाप प्रथम उतरूं लागला. तरी तो सर्वांचा उतरला नाहीं. भास्करबुवा बखले १९२२ सालीं गेले, अल्लादिया खां १९४६ सालीं गेले; दोघांचेंही गाणें शिष्यांच्या गळ्यांतून पुढें आलें, पण त्यांचा स्वतःचा गळा आपल्यासाठीं मागें राहिला नाहीं. जे राहिले तेही कोंबलेल्या अवस्थेंत. लाखेच्या तबकडीच्या एका बाजूस मिनिटें मावत तीं तीन, फार तर साडेतीन. अब्दुल करीम खांसारख्या गायकानें तेवढ्या अवकाशांत संध्याकाळ उभी केली, ही त्यांची थोरवी. पण सगळ्यांनाच दारांत पाऊल टाकतांच घर दाखवितां येत नाहीं.

पुढें मोठी तबकडी आली, तिनें एका बाजूस वीस-बावीस मिनिटें दिलीं. परंतु वसंतरावांच्या गाण्याला तीही अपुरीं. याचें कारण असें कीं, पुढच्या क्षणीं आपण कोठें जाणार हें त्यांना स्वतःलाही आधीं ठाऊक नसावें, असें ऐकतांना वाटतें. मारव्यांत कोमल रिषभ आणि धैवत यांचा अंमल. पंचमाला येथें मुळींच प्रवेश नाहीं, आणि षड्ज तर जणूं सूर्यास्ताच्या वेळीं घरीं न परतलेल्या मुलासारखा. सर्वांचें लक्ष त्याच्याकडे, आणि त्याचा मात्र पत्ता नाहीं. आमच्या अकरांपैकीं एका मारव्यांत वसंतराव या षड्जाला इतका वेळ हुलकावणी देतात कीं श्रोत्यांतला कोणीतरी न राहवून "अहो, या आतां!" असें ओरडतो. दुसऱ्या एकांत तबलजीची आणि त्यांची झटापट अशी रंगते कीं ते मध्येंच मोठ्यानें हसतात, आणि तें हसूं तानेंतच मिसळून जातें. तिसऱ्यांत आवाज बसलेला आहे. वरचा षड्ज लागत नाहीं, म्हणून ते खालच्या सप्तकांतच अशी वाट काढतात कीं निरोगी गळ्याला ती सुचलीच नसती. आतां यांतला कोणता ठेवावा आणि कोणता टाकावा?

हा माल मिळविण्याचे कष्ट सांगूं लागलों तर अंक पुरणार नाहीं. संग्राहकांचा एक अलिखित कायदा असे: टेपेला टेप. तुमच्याजवळ दुसऱ्यापाशीं नसलेली मैफल असेल तरच तुम्हांला त्याच्याकडची मिळे. टपालानें आलेलें पुडकें उघडावें, तों चिठ्ठीवर लिहिलेलें असे 'पूरिया', आणि आंत निघे मारवा. लिहिलेलें असे 'पुणें', आणि श्रोत्यांच्या बोलण्यावरून मैफल निघे नागपूरकडची. प्रतीची प्रत, तिची पुन्हां प्रत, असें होतां होतां तंबोऱ्यापेक्षां खरखरच अधिक ऐकूं येई. मुद्रण करतांना यंत्राची बॅटरी उतरलेली असली, तर टेप सावकाश फिरे. मग तीच टेप भरल्या बॅटरीवर लावतांच गवई आपल्या नेहमींच्या पट्टीहून बराच वर, भलत्याच घाईनें गाऊं लागे. जुन्या रिळांत आणखी एक चमत्कार होतो: एका वेढ्यावरच्या सुराची पुसट छाया शेजारच्या वेढ्यावर उमटते, आणि गवयानें तोंड उघडण्यापूर्वींच त्याचा सूर दुरून, भुतासारखा ऐकूं येतो.

त्यांत वऱ्हाडचा उन्हाळा. लाखेची तबकडी हातांतून निसटली तर फुटते, आणि प्लॅस्टिकची तबकडी वैशाखांत खिडकीपाशीं राहिली तर पापडासारखी वांकते. त्यामुळें घरांतली सर्वांत थंड जागा, म्हणजे माजघरांतला कोपरा, आम्हीं वसंतरावांना दिला. लोणच्याच्या बरण्यांचा त्या जागेवर वडिलोपार्जित हक्क होता. तो आम्हीं बुडविला याचा उल्लेख घरांत अद्याप होतो.

पुढें कंपन्या जागृत झाल्या. तबकडीवरचें गाणें कॅसेटीवर आलें, कॅसेटीवरचें सीडीवर. प्रत्येक वेळीं वेष्टन नवें, छायाचित्र नवें, आंत गाणें तेंच, आणि खरेदी करणारे आम्हीही तेच. एका ध्वनिमुद्रिकेचे पैसे आम्हीं चार वेळां मोजले आहेत. वसंतरावांच्या पश्चात् खासगी मैफलीही प्रकाशित होऊं लागल्या, ही मात्र मोठी सोय झाली. पण त्यांतल्या कांहीं इतक्या धुऊन काढलेल्या असतात कीं रंगच निघून जातो. खरखर घालविणाऱ्या यंत्राला तंबोरा कळत नाहीं. अखंड चाललेला झंकार म्हणजे खरखरच, अशी त्याची समजूत होते, आणि तें तोही पुसतें. श्रोत्यांचें खोकणें आणि वाहवा हेही त्याच्या लेखीं डाग. मग गवई एकटाच, निर्वात पोकळींत, कोणासाठींच न गातां गात राहतो.

आमचा एक विद्यार्थी पाश्चात्त्य रॉक संगीताचा भक्त आहे. त्यानें आमच्या ज्ञानांत भर घातली कीं अमेरिकेंतल्या 'ग्रेटफुल डेड' नांवाच्या वाद्यवृंदानें १९८४ पासून आपल्या कार्यक्रमांत ध्वनिमुद्रण करणाऱ्या श्रोत्यांसाठीं स्वतंत्र जागाच राखून ठेविली होती. आणि बॉब डिलन यांच्या चोरून फिरणाऱ्या मुद्रणांचा सुळसुळाट इतका झाला कीं १९९१ पासून त्यांच्या कंपनीनेंच जुनीं अप्रकाशित मुद्रणें 'बूटलेग' याच नांवानें मालिकारूपानें काढण्यास प्रारंभ केला. हें ऐकून आम्हांला आपले भाऊबंद सातासमुद्रांपलीकडेही आहेत असा दिलासा मिळाला. पण त्याबरोबरच एक जुनी टोंचणीही जागी झाली.

ती टोंचणी चोरीची. आपल्याकडे श्रोत्यांसाठीं अशी राखीव जागा कोणीं ठेविली होती? यंत्र पेटीच्या आड, उशीमागें, शालीखालीं ठेवावयाचें, हीच रीत. गवयाच्या परवानगीचा प्रश्न बहुधा निघतच नसे. १९५७ च्या स्वामित्वहक्काच्या कायद्यांत १९९४ सालीं दुरुस्ती झाली आणि गाणाऱ्याचा आपल्या गाण्यावरचा हक्क नीटपणें मांडला गेला. तोंपर्यंत आमचीं निम्मीं कपाटें भरलीं होतीं. मौज अशी कीं 'कट्यारी'ची कथाही हीच आहे. खांसाहेबांच्या घरीं नोकर म्हणून राहून सदाशिव त्यांची गायकी चोरून ऐकतो, गळ्यांत उतरवितो, आणि तें उघडकीस येतांच खांसाहेब कट्यार घेऊन त्याच्यावर धांवतात. रंगमंचावर ती कट्यार उगारणाऱ्या वसंतरावांचेंच गाणें श्रोते खुर्चीखालीं यंत्र ठेवून चोरीत असतील, तर सदाशिव किती झाले म्हणावे? आणि तरीही, ही चोरी झाली नसती तर आज आमच्या हातीं काय उरलें असतें, हा विचार मनांतून जात नाहीं.

असो. आतां त्या उत्तराकडे आलेंच पाहिजे.

आमचे वडील पातुरांतच शाळामास्तर होते. १९८० च्या सुमारास एका स्नेह्याच्या घरीं झालेल्या खासगी बैठकींत ते मागून आणलेलें यंत्र घेऊन बसले आणि एक तासाची कॅसेट भरून घेऊन आले. यजमानांची परवानगी घेतली होती, गवयाची नव्हती, हें त्यांनीं आम्हांला पुढें, जरा ओशाळून, सांगितलें. पहिल्या बाजूस विलंबित मारवा, दुसऱ्या बाजूस द्रुत. त्यांच्या जवळ गाण्याची एवढी एकच पुंजी होती. सायंकाळीं दिवेलागणीच्या वेळीं, महिन्यांतून एखाद्या दिवशीं, ते ती लावीत; रोज लावली तर झिजेल, असें म्हणत.

१९९३ सालीं आम्हांला अध्यापकाच्या जागेसाठीं मुलाखतीचें बोलावणें आलें. आमचे इंग्रजी उच्चार वऱ्हाडी मातींत रुजलेले. ते सुधारण्यासाठीं रेडिओवरचा एक पाठ टेप करून घ्यावा असें मनांत आलें. घरांत कोरी कॅसेट नव्हती. कार्यक्रम सुरू होण्यास दोन मिनिटें होतीं. हाताला जी लागली ती आम्हीं यंत्रांत घातली आणि लाल बटण दाबलें. ती कोणती होती हें पाहिलें नाहीं असें आम्ही पुष्कळ वर्षें स्वतःला सांगत आलों. पण खरें सांगावयाचें तर पाहिलें होतें. दुसऱ्या बाजूचें काय एवढें, असें त्या वेळीं वाटलें.

पुढच्या आठवड्यांत एका संध्याकाळीं वडिलांनीं मारवा लावला. पहिली बाजू संपली. त्यांनीं कॅसेट उलटली. आम्ही ओसरीवर होतों. आंतून एका आंग्ल बाईचा स्वच्छ, शांत आवाज आला. स्वर आणि व्यंजनें समजावून सांगत होती. वडिलांनीं तो पुष्कळ वेळ ऐकला. मग बाहेर येऊन ते एवढेंच म्हणाले, "उच्चार चांगले आहेत बाईचे. तुला उपयोग होईल." पुढें त्यांनीं ती कॅसेट कधीं लावली नाहीं. नोकरी आम्हांला लागली.

आमचा संग्रह तेथून सुरू झाला. त्या बैठकींत दुसऱ्या कोणाचें यंत्र असेल, त्याची प्रत कोणाकडे गेली असेल, या आशेवर आम्ही मारवे जमवीत गेलों. प्रत्येक नवा मारवा आला कीं वडिलांना ऐकवावा, त्यांनीं मान डोलवावी आणि म्हणावें, "छान आहे. पण तो नव्हे." सात मारवे त्यांनीं असे ऐकले. २००४ सालीं ते गेले. त्यानंतरचे चार आम्हीं जमविले खरे, पण तो कोणता नव्हे हें सांगणारें आतां कोणी नाहीं.

मूळ कॅसेट आमच्याजवळ आहे. वडिलांच्या पश्चात् आम्हीं तिची दुसरी बाजू प्रथमच शेवटपर्यंत ऐकली. बाईंचा पाठ सव्वीस मिनिटांचा होता आणि कॅसेटीची बाजू तीस मिनिटांची. बाई निरोप घेतात, एक खटका होतो, आणि द्रुत मारव्याच्या ऐन मध्यावर आपण जाऊन पडतों. तानांवर ताना येतात. मग एकदांचा तो षड्ज येतो, आणि वसंतराव त्यावर ठाण मांडून उभे राहतात. लोक ओरडतात. त्या कल्लोळांत, यंत्राच्या अगदीं जवळून, वडिलांचा हलका आवाज ऐकूं येतो: "टेप संपत आली." आणि ती संपते.

गेल्या वर्षीं त्या विद्यार्थ्यानें सर्व कॅसेटींचीं संगणकावर मुद्रणें करून दिलीं. ही बाजू ऐकून त्यानें विचारलें, "सर, इंग्रजी पाठ कापून टाकूं ना? गाणें तेवढें ठेवतों." आम्हीं त्याला कांहींएक कापूं दिलें नाहीं. तेव्हां आमच्या घरांतून येणाऱ्या प्रश्नाचें उत्तर असें आहे: अकरा मारवे आम्हीं जमविले ते बाराव्यासाठीं, आणि त्या बाराव्याचीं चार मिनिटें आमच्याच कपाटांत आहेत. तीं ऐकावयाचीं असतील तर आधीं सव्वीस मिनिटें उच्चार ऐकावे लागतात. आम्ही ते ऐकतों.