दहा एकर जर्दाळू

कॅलिफोर्नियातल्या सनीव्हेल शहरात पुतण्याच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर जर्दाळूची बाग आहे, असं कळलं तेव्हा माझा विश्वासच बसेना. विमानतळावरून येताना मी दुतर्फा काचेच्या इमारती पाहिल्या होत्या, आठ पदरी रस्ते पाहिले होते. उघडी माती कुठे दिसली नव्हती. पण जुलैच्या पहिल्या आठवड्यात, सकाळी आठ वाजता, मी खरोखरच त्या बागेत उभा होतो. दहा एकरांचा सपाट तुकडा, त्यात ओळीत लावलेली आठशेच्या आसपास झाडं आणि फांद्या वाकवणारी हळदीच्या रंगाची फळं.

झाडाखाली पडलेलं एक जर्दाळू उचललं. उन्हाची बाजू लालसर, सावलीची थोडी हिरवट. शिवणीवर अंगठा दाबला तर फळ सरळ दोन वाट्यांत उघडलं आणि बी अलगद सुटून हातात आली. आपल्याकडे काश्मीर-लडाखचं सुकं जर्दाळू खाल्लेल्या जिभेला ही चव नवीन होती. आधी मध, मग मागून येणारी आंबट धार. या जातीचं नाव ब्लेनहाइम. फळ इतकं नाजूक की लांबच्या बाजारात धड पोचत नाही, म्हणून ते सुकवायचं किंवा डब्यात भरायचं. याच नाजूकपणावर हे गाव उभं राहिलं.

बागेला लागून एक जुन्या पद्धतीचं घर आहे, त्यात शहराचं संग्रहालय आहे. ते पाहताना मी अवाक झालो. मार्टिन मर्फी नावाचा आयरिश माणूस 1844 मध्ये बैलगाड्यांच्या तांड्यातून सिएरा नेवाडा पर्वत ओलांडून आला. 1850 मध्ये त्याने इथे हजारो एकर जमीन घेतली आणि गहू पेरला. राहण्यासाठी घर मागवलं तेही कुठून, तर खंडाच्या दुसऱ्या टोकाच्या मेन राज्यातून! सुटे भाग जहाजात घालून, दक्षिण अमेरिकेच्या टोकाला वळसा घालून इथे आणून जोडले. 1864 मध्ये सॅन फ्रान्सिस्को ते सॅन होजे रेल्वे झाली, ती मर्फीच्याच शेतातून गेली.

मर्फी गेल्यावर जमिनीच्या वाटण्या झाल्या. त्यातली 200 एकर वॉल्टर क्रॉसमन या जमीन-व्यावसायिकाने घेतली, प्लॉट पाडले आणि विकायला काढले. 1901 मध्ये गावाला नाव मिळालं सनीव्हेल, म्हणजे उन्हाची दरी. नाव अगदी खरं आहे. डोंगरातून येणाऱ्या ओढ्यांनी हजारो वर्षं गाळ आणून टाकलेला, जमिनीखाली भरपूर पाणी आणि उन्हाळ्यात पावसाचा थेंब नाही. फळ पिकायला आणि वाळायला याहून चांगली जागा कुठली? 1906 च्या भूकंपाने सॅन फ्रान्सिस्को उद्ध्वस्त झालं, तेव्हा क्रॉसमनने मोफत जमीन देऊन तिथला हेंडी यंत्रकारखाना इथे आणला. लगोलग लिबी कंपनीचा फळं डबाबंद करण्याचा मोठा कारखाना आला. 1912 मध्ये गावाला शहराचा दर्जा मिळाला.

संग्रहालयातल्या जुन्या फोटोंत कापणीच्या शेड दिसतात. लांबच लांब बाकांशी उभ्या बायका आणि शाळेच्या सुट्टीतली मुलं. जर्दाळू कापायचं, बी काढायची, वाट्या उताण्या करून लाकडी ट्रेवर मांडायच्या. मग बंद खोलीत गंधकाची धुरी आणि नंतर कडक ऊन. उन्हाळाभर अख्खं गाव या कामाला लागायचं.

मग बदल कसा झाला? लोकांनी तो स्वतः बोलावून आणला. 1930 च्या सुमारास नौदलाला हवाई जहाजांसाठी तळ हवा होता. इथल्या लोकांनी वर्गणी काढून एक हजार एकर शेतजमीन विकत घेतली आणि सरकारला अवघ्या एका डॉलरला दिली. तिथे हजार फुटांहून लांब हँगर उभा राहिला, तो लांबूनही दिसतो. तळाशेजारी विमानविद्येची प्रयोगशाळा आली. 1956 मध्ये लॉकहीडचा क्षेपणास्त्र विभाग आला, त्यामागून इलेक्ट्रॉनिक्सवाले आले. 1950 च्या जनगणनेत इथे जेमतेम 10 हजार माणसं होती. 1970 मध्ये 95 हजारांवर गेली, आज दीड लाखाहून जास्त आहेत. वीस वर्षांत जवळजवळ दहापट! एका माणसाच्या डोळ्यांदेखत, तो कर्ता असतानाच, सबंध दरीचा धंदा बदलला.

याची किंमत जमिनीने मोजली. आधी बागांनी आणि मग वाढत्या वस्तीने विहिरींतून इतकं पाणी उपसलं की शेजारच्या सॅन होजेत जमीन सुमारे 13 फूट खाली बसली. पुढे चिप-कारखान्यांच्या टाक्यांतून झिरपलेली रसायनं भूजलात उतरली, ती निस्तरायला दशकं लागली. आणि मर्फीचं ते जहाजातून आलेलं घर? 1961 मध्ये शहरानेच ते पाडलं. मी ज्या घरात उभा होतो ती त्याची हुबेहूब नक्कल होती, 2008 मध्ये उघडलेली. पाडल्यानंतर सत्तेचाळीस वर्षांनी गावाला आपलं घर परत हवंसं वाटलं.

संध्याकाळी पुतण्याने लिबीच्या कारखान्याची जागा दाखवली. कारखाना गेला, त्या जागी कार्यालयं आहेत. फक्त पाण्याची उंच टाकी उरली आहे, फळांच्या डब्यासारखी रंगवलेली. खालून शेकडो गाड्या जातात. त्यांतल्या कित्येक गाड्यांत मराठी बोललं जात असेल. पुतण्याही हिंजवडीत चार वर्षं काढून इथे आला आहे.

हिंजवडीची भातखाचरं मी पाहिली आहेत. आषाढात आवणीला वाकलेल्या बायका, बांधावरचा चिखल, आंबेमोहराचा वास. तिथे आता काय आहे ते सगळ्यांना ठाऊक आहे. गाव वाढू नये असं मी म्हणणार नाही; पोरांना काम हवं असतं. पण सनीव्हेलने दहा एकर राखले. ते घरासारखे नक्कल करून परत आणता आले नसते. भाताचं खाचर मोडलं की त्याचा बांध, पाण्याची वाट, कुठली जात कुठे येते हे ठाऊक असलेली माणसं, सगळं एकदम जातं. आपल्याकडे अजून काही खाचरं शिल्लक आहेत. त्यांतली दहा एकर आजच राखून ठेवावीत, एवढंच मला पुण्याला सांगायचं आहे.

परत येताना खिशात हात गेला. सकाळी फोडलेल्या जर्दाळूची बी तिथेच होती, वाळून खडखडीत झालेली.