प्रागमधली हुंडणावळ

परदेशी निघालेल्या माणसाला सल्ला देण्याची आपल्याकडे भारी हौस. गरम बनियन किती घ्यावेत, मेतकूट कुठल्या पिशवीत ठेवावे, विमानात पाय कसे हलवावेत, सारे काही लोक न विचारता सांगतात. पण खिशातला रुपया परमुलखात गेला की त्याचे काय होते, हे सांगणारा एकही मनुष्य मला भेटला नाही. भेटता तरी मी त्याचे ऐकले नसते म्हणा. कारण सांगलीकडच्या एका बँकेत बत्तीस वर्षे मी दुसऱ्यांचे पैसे मोजले आहेत. पैशाच्या बाबतीत मला कोण काय शिकवणार?

२०२४ च्या मे महिन्यात आम्ही उभयता लेकीकडे जर्मनीत ड्रेस्डेनला गेलो होतो. तिथून प्राग आगगाडीने अडीच-एक तासांवर. लेक-जावई नोकरीत अडकलेले, तेव्हा आम्ही दोघांनीच चार दिवस प्राग पाहून यावे असे ठरले. निघताना लेकीने दोनशे युरो आईच्या हाती दिले. माझ्या हाती दिले नाहीत, ही गोष्ट तेव्हा मी मनावर घेतली नाही.

प्रवास मोठा सुरेख आहे. एल्ब नदीच्या काठाकाठाने गाडी जाते. वर वालुकाश्माचे उंच कडे, खाली संथ पाणी. सरहद्द ओलांडली की तीच एल्ब लाबे होते. नाव बदलले तरी पाणी तेच. पैशाचे मात्र तसे नसते. चेक देश युरोपीय संघात आहे, पण त्याने युरो घेतलेला नाही. तिथे चालतो तो कोरुना. कोरुना म्हणजे मुकुट. आमच्या सौभाग्यवतींनी पहिल्या दिवसापासून त्याला ‘करुणा’ म्हणायला सुरुवात केली आणि शेवटपर्यंत तेच नाव ठेवले.

स्टेशनात उतरताच समोर पैसे देणारे यंत्र उभे. कुठल्या बँकेच्या भिंतीत नाही, एकटेच, कोपऱ्यावरच्या पानवाल्यासारखे. मी कार्ड सारले. यंत्राने आधी भल्या मोठ्या रकमा दाखवल्या. मी काही नवशिका नव्हे. त्या सोडून सहा हजार कोरुना मागितले. मग पडद्यावर जे उमटले ते पाहून मला अक्षरशः भरून आले. रुपये! परक्या स्टेशनात, परक्या भाषेच्या कलकलाटात, ते यंत्र मला माझ्या रुपयांत हिशेब सांगत होते. इतके रुपये तुमच्या खात्यातून जातील, हा दर मान्य आहे काय? खाली दोन कळा. मान्य असल्याची कळ मोठी आणि हिरवी, नसल्याची बारकी आणि करडी. परगावच्या धर्मशाळेत कुणी ‘या, बसा’ म्हणावे तसे मला वाटले आणि मी हिरवी कळ दाबली.

रात्री खोलीवर सौ.नी आपली हिशेबाची वही काढली. ही वही ती लग्नापासून ठेवते. भाजी, धोबी, मुलांच्या फिया, सगळे तीत आहे. त्या दिवसांत कोरुनाला साधारण तीन रुपये साठ पैसे पडत होते.

“सहा हजारांचे एकवीस हजार सहाशे,” ती म्हणाली. “आणि तुमच्या मोबाइलवर आलेत चोवीस हजार दोनशे. मधले सव्वीसशे कुठं गेले?”

“अगं, ते बँकेचं...”

“अहो, बत्तीस वर्षं तुम्ही तिथं करत काय होतात?”

झोप लागली नाही. सव्वीसशे रुपयांनी आम्ही भिकेला लागलो नसतो. पण लेकीसाठी बोहेमियाच्या तांबड्या गार्नेट खड्यांची कर्णफुले घ्यायची असे सौ.च्या मनात होते, आणि ते पैसे तिने आपल्या पेन्शनीतून बाजूला काढले होते. ती प्राथमिक शाळेत शिक्षिका होती. एकेक रुपयाला ती नावाने ओळखते.

आता त्या यंत्राने काय केले ते सांगतो, कारण घरी परतल्यावर मी ते नीट समजून घेतले. आपले कार्ड परदेशी वापरले आणि व्यवहार तिथल्याच चलनात ठेवला, तर कार्डावर ज्या कंपनीचे चिन्ह असते ती तिच्या घाऊक दराने त्याचे रुपये करते. हा दर बाजारभावाच्या अगदी जवळ असतो. त्यावर आपली इकडची बँक सामान्यतः दोन ते साडेतीन टक्के लावते, आणि त्या आकारावर अठरा टक्के जीएसटी. म्हणजे साडेतीनवाल्याला शंभराला चार रुपये तेरा पैसे. हे झोंबते, पण मर्यादेत झोंबते. उलट यंत्राने किंवा दुकानदाराने ‘तुमच्याच चलनात घेऊ का?’ असे विचारले आणि आपण हो म्हटले, की रुपये करण्याचे काम तो करतो, त्याच्या मर्जीच्या दराने. त्यातला नफा यंत्रवाला आणि हिशेब करणारी कंपनी वाटून घेतात. माझ्या बाबतीत दर बाराएक टक्क्यांनी चढा होता. वर गंमत अशी, की असल्या ‘रुपयांतल्या’ परदेशी व्यवहारावरही काही भारतीय बँका वेगळी पट्टी लावतातच.

तेव्हा करडी कळ दाबूनही मला नऊशेच्या आसपास भुर्दंड पडलाच असता. खरे नुकसान सतराशेचे. हा मुद्दा मी सौ.पुढे मांडून पाहिला. तिने वहीत खोडाखोड केली नाही.

दुसऱ्या दिवशी मी यंत्राकडे ढुंकून पाहायचे नाही असा निश्चय केला. दोनशे युरोच्या नोटा होत्याच. जुन्या शहराच्या चौकाजवळ नोटा बदलून देणारी दुकाने आहेत. एका दुकानावर ठळक अक्षरांत शून्य टक्के दलाली असे लिहिले होते, शेजारी दरांचा फलक. मी आत शिरलो, नोटा दिल्या, चार हजार एकशे कोरुना आणि पावती घेऊन विजयी मुद्रेने बाहेर आलो. पावतीवर वेळ होती दहा वाजून वीस मिनिटे.

आणि आम्ही त्या प्रसिद्ध घड्याळाखाली जाऊन उभे राहिलो. १४१० सालचे हे घड्याळ. सूर्य-चंद्र कुठल्या राशीत आहेत हेही ते दाखवते, म्हणजे घड्याळ आणि पंचांग एकाच भिंतीवर. तबकडीच्या दोन्ही बाजूंना चार बाहुल्या आहेत. एक आरशात पाहणारा गर्विष्ठ, एक हाती थैली घेतलेला कंजूष, एक हाडांचा सापळा आणि एक तुर्क. तास भरला की सापळा घंटा वाजवतो, वरच्या खिडक्यांतून येशूचे शिष्य फिरून जातात, बाकीच्या बाहुल्या ‘इतक्यात नको, इतक्यात नको’ म्हणून माना हलवतात आणि शेवटी सोनेरी कोंबडा आरवतो. अकरा वाजता शेकडो माणसे माना वर करून हे पाहत होती. सौ. एकटी खाली मान घालून पावती पाहत होती.

“चार हजार एकशे भागिले दोनशे, साडेवीस,” ती म्हणाली. “लेक तर म्हणत होती, एका युरोला पावणेपंचवीस करुणा येतात.”

दलाली शून्य होती हे खरे. सगळी दलाली दरातच मुरवलेली होती. फलकावर मोठ्या अक्षरांत होता तो त्यांच्या विक्रीचा दर. खरेदीचा, म्हणजे आमच्या उपयोगाचा, बाजूला बारीक. साडेआठशे कोरुना गेले होते, जवळजवळ तीन हजार रुपये. मी त्या कंजुषाच्या थैलीकडे पाहत राहिलो.

“काका, पावती आहे ना?” मागून कुणीतरी शुद्ध मराठीत विचारले. वळून पाहतो तो पाठीला पिशवी लावलेला एक पोरगा. कराडचा, तिथल्या विद्यापीठात शिकणारा. (मराठी माणूस कुठे भेटेल याचा नेम नाही, पण पैसे बुडाले असताना हटकून भेटतो.) त्याने सांगितले ते ऐकून माझा विश्वास बसेना. प्रवाशांची ही लूट इतकी बोकाळली की चेक सरकारने १ एप्रिल २०१९ पासून कायदाच केला. नोटा बदलल्यापासून तीन तासांच्या आत, हजार युरोपर्यंतचा व्यवहार, कारण न सांगता मोडता येतो. पावती आणि पैसे परत द्यायचे, आपल्या नोटा परत घ्यायच्या.

“काकू, एक वाजून वीसपर्यंत वेळ आहे,” तो म्हणाला. “मात्र रक्कम पुरी द्यायला लागेल.”

रक्कम पुरी नव्हती! त्यातल्या शंभराचे मी रस्त्यावर साखरेत घोळलेले, निखाऱ्यावर भाजलेले वेटोळे घेऊन खाल्ले होते. अखेर यंत्रातून काढलेल्या, म्हणजे ज्यांच्यावरून रात्री रामायण झाले त्याच नोटांतली एक काढून भर घातली. सौ. म्हणाली, “तुम्ही बाहेर थांबा.”

मी काचेतून पाहत होतो. आतल्या माणसाने आधी मान हलवली, घड्याळावरच्या बाहुल्यांसारखीच. मग हात उडवले. मग दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला. सौ. ना ओरडली, ना हलली. पावती काचेला टेकवून, पर्स पोटाशी धरून ती उभी राहिली, चाळीस वर्षे चौथीच्या वर्गापुढे उभी राहिली तशी. इंग्रजी तिचे बेताचे. ती फक्त तीन बोटे दाखवत होती आणि म्हणत होती, “थ्री अवर्स. लॉ.” मागे रांग वाढली. रांगेतले लोक आपापल्या नोटांकडे आणि फलकाकडे पाहू लागले, तेव्हा मात्र त्या माणसाने घाईघाईने दोनशे युरो बाहेर सरकवले.

त्या पोराने दाखवलेल्या आतल्या गल्लीतल्या दुकानात त्याच युरोंचे चार हजार नऊशे वीस आले. त्यात पाचशेच्या नोटा होत्या. त्यांवर एका बाईचे चित्र. बोझेना नेम्त्सोवा नावाची ही लेखिका; ‘आजी’ या अर्थाच्या नावाची तिची कादंबरी १८५५ ची. लेखिकेला नोटेवर बसवणारा देश सौ.ला एकदम आवडला. सकाळचा राग तिने त्या देशापुरता मागे घेतला, माझ्यापुरता नाही.

तिसऱ्या दिवशी आम्ही कुट्ना होराला गेलो. इथे चांदीच्या खाणी होत्या. राजा दुसरा वेन्सेस्लास याने इटलीतून जाणकार आणवले आणि १३०० साली इथल्या टांकसाळीत प्रागचा ग्रोशेन पाडायला सुरुवात केली. तो वाडा अजून ‘इटालियन वाडा’ म्हणूनच ओळखला जातो. तिथल्या दगडी खोल्यांतून फिरताना मला आमच्या पेशवाईची आठवण झाली. अंकुशी रुपया निराळा, चांदवडी निराळा, मल्हारशाही निराळा. एक देऊन दुसरा घ्यायचा तर सराफ बट्टा कापून घेई. काशीयात्रेला निघालेला मनुष्य रोकड बरोबर नेत नसे; पुण्याच्या सावकाराकडे भरणा करून काशीच्या पेढीवरची हुंडी घेई आणि त्याबद्दल हुंडणावळ मोजी. पण ती किती, हे तोंडावर सांगितलेले असे. घासाघीसही करता येई. यंत्राशी कोण घासाघीस करणार? आणखी एक नवल सांगतो. ज्या डॉलरवर आपले सगळ्यांचे डोळे, तो शब्दही मूळचा याच बोहेमियातला. याखिमोव्हच्या, म्हणजे जर्मन योआखिमस्थालच्या, चांदीची नाणी १५२० च्या सुमारास निघाली. त्यांना थालर म्हणत. थालरचाच पुढे डॉलर झाला.

पुढचे दिवस सौ.च्या राज्यात गेले. उपाहारगृहात कार्डाचे यंत्र पुढे आले की ती माझ्या आधी वाकून पाही आणि रुपये दिसले की “नो. करुणा,” म्हणे. वाढपी चमकत, पण समजत. पैसे काढायचेच झाले तर खऱ्या बँकेच्या भिंतीतल्या यंत्रातून, डेबिट कार्डाने, आणि चारदा थोडे थोडे न काढता एकदाच. कारण दर खेपेचा आकार वेगळा. क्रेडिट कार्डाने रोख काढली तर व्याज त्याच दिवसापासून चढते, हे मात्र मला ठाऊक होते, एवढीच माझ्या बत्तीस वर्षांची शिदोरी. जावयाने युरो भरलेले प्रवासी कार्ड दिले होते. ते इथे वापरू दिले नाही, कारण युरोतून कोरुना करताना त्याचाही वेगळा आकार लागतो. आणि मुख्य गोष्ट घरूनच करून निघायची असते: रिझर्व्ह बँकेच्या नियमाने १ ऑक्टोबर २०२० पासून नवे कार्ड परदेशी आपोआप चालत नाही, ते चालू करून घ्यावे लागते. आमच्या बरोबरच्या दुसऱ्या कार्डाचे तेवढे राहिले होते. ते चार दिवस पाकिटात नुसते पाहुण्यासारखे बसून होते.

कर्णफुले घेतली. डाळिंबाच्या दाण्याएवढे खडे. दुकानदारीणबाईंनी कार्डाचे यंत्र पुढे करून हसत विचारले, “रुपीज?” सौ.ही हसली आणि मान हलवली.

निघताना हातात काही नाणी उरली. कागदी नोटा परत बदलून मिळतात, नाणी कुणी घेत नाही. त्यांचे स्टेशनवर पाणी आणि पाव घेतले. वीस कोरुनांचे एक नाणे मात्र सौ.ने दिले नाही. त्यावर घोड्यावर बसलेला संत वेन्सेस्लास आहे. ते आता आमच्या देवघरात खंडोबाच्या टाकाशेजारी आहे. गेल्या लक्ष्मीपूजनाला तिने त्यालाही हळदकुंकू वाहिले, आणि मग वही उघडून, प्रागच्या पानावर, सव्वीसशेच्या आकड्यालाही.