जामसंड्याच्या कातळावर पुन्हा पाऊल

निपाणीहून पश्चिमेकडे निघालेला राज्यमार्ग राधानगरी आणि दाजीपूरचे अरण्य मागे टाकून फोंडाघाटाने कोकणात उतरतो. नांदगावला तो मुंबई-गोवा महामार्ग ओलांडतो, शिरगाव व तळेबाजार करीत जामसंड्यास येतो आणि पुढे काही किलोमीटरांवर देवगडच्या बंदरापाशी थांबतो. घाटमाथ्यावरील व्यापारी घराण्यांना हा रस्ता जुन्या ओळखीचा आहे. चैत्र-वैशाखात हापूसच्या पेट्या याच वाटेने वर चढतात. पेट्यांचा भाव ठरवायला किंवा बागाईतदाराशी हिशेब करायला आलेला माणूस जामसंड्यात उतरतो, काम आटोपतो आणि दिवस मावळण्यापूर्वी परत फिरतो. गाव पाहण्याची सवड त्याला क्वचितच मिळते.

जामसंड्याचे खरे गुण कळतात ते ज्याला घाई करताच येत नाही अशा पाहुण्याला. पायाची शस्त्रक्रिया होऊन दोन-तीन महिने झालेले आहेत, डॉक्टरांनी पूर्ण भार टाकण्याची परवानगी दिली आहे, एक्स-रे समाधानकारक आहे. तरीही घरातून देरासरापर्यंत गेले की पाऊल सुजते, आणि दुकानाच्या गादीवरून उठताना पहिली चार पावले भिंतीचा आधार घेतल्याविना पडत नाहीत. असे गृहस्थ आणि अशा गृहिणी प्रत्येक मोठ्या कुटुंबात आढळतात. कोणाच्या अंगठ्याच्या मुळाशी बाहेर आलेले हाड सरळ केलेले असते, कोणाच्या टाचेत पट्टी व स्क्रू असतात, तर कोणाचे मधुमेहामुळे एखादे बोट काढावे लागलेले असते. ‘हाड जुळले आहे, आता चाला,’ असे त्यांना सांगितले जाते. पण कोठे चालायचे, हे सहसा कोणी सांगत नाही. शहरातील पदपथ उखडलेला असतो, सोसायटीच्या फरशीवर पाय घसरतो, आणि रस्त्यावर दुचाकींच्या भीतीने पाऊल वेडेवाकडे पडते.

जामसंडे हे पठारावरचे गाव आहे. बाजारपेठेचा डांबरी रस्ता पुष्कळसा सपाट आहे. त्याच्या दोन्ही बाजूंना जांभ्या दगडाच्या गडग्यांमधून पाणंदी निघतात. पाणंद संपली की उघडा कातळ लागतो. कातळाच्या कडेने उतार सुरू होतो, आणि उतारांच्या पायथ्याशी खाडी नाहीतर समुद्र. घरापुढे मातीचे खळे, देवळापुढे फरसबंद अंगण, देवगडच्या किनाऱ्यावर वाळू. पावलाला पुन्हा शिकण्यासाठी जितक्या प्रकारची जमीन लागते, तितकी सारी येथे थोडक्या अंतरात मांडून ठेवलेली आहे.

या गावाचा दगडही समजून घेण्यासारखा आहे. कोकणात घरे ज्या चिऱ्यांनी बांधली जातात तो जांभा खाणीतून काढतेवेळी इतका मऊ असतो की हत्याराने सहज कापता येतो. उघड्या हवेत राहिला की तो टणक होत जातो. फ्रान्सिस बुकॅनन या स्कॉटिश वैद्याने केरळातील अंगाडिपुरम येथे हा दगड पाहिला आणि 1807 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या प्रवासवर्णनात त्याला लॅटिन भाषेतील विटेच्या शब्दावरून ‘लॅटराइट’ हे नाव दिले. नव्याने सांधलेले हाड याहून फार वेगळे नसते. मोडलेल्या अथवा कापलेल्या जागी प्रथम मऊ सांधा तयार होतो, त्यात चुना भरतो, आणि मग त्यावर जसा भार पडेल तशी त्याची घडण होते. हाडाची रचना त्याच्यावरील भारानुसार बदलते, हा सिद्धांत बर्लिनचे शल्यचिकित्सक युलियस वोल्फ यांनी 1892 मध्ये मांडला. भार अजिबात न दिल्यास हाड विरळ होते; फार लवकर आणि फार दिल्यास सांधा हलतो. शस्त्रक्रियेनंतरचे सारे शहाणपण या दोहोंमधल्या अरुंद पाणंदीतून जाते.

पावलात 26 हाडे असतात. ती साधारणपणे सहा ते बारा आठवड्यांत सांधतात. सूज मात्र सहा महिने, कधी वर्षभर येत-जात राहते. हृदयापासून सर्वांत दूर आणि सर्वांत खाली असलेला हा अवयव आहे. दिवसभर गल्ल्यावर पाय लोंबकळत ठेवून बसणाऱ्याची सूज उतरावी कशी? गल्ल्याखाली एक स्टूल ठेवून पाय त्यावर घ्यावा आणि दुपारी अर्धा तास तो छातीपेक्षा उंच ठेवावा, एवढी सोय बहुतेक दुकानांत होऊ शकते. ती केली जात नाही, कारण गिऱ्हाइकासमोर पाय वर घेणे अशिष्ट वाटते. हा संकोच महागात पडतो. पोटरी एकाएकी दुखून सुजली किंवा श्वास लागू लागला, तर मात्र स्टुलाने भागत नाही. त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

जामसंड्यास येण्याचा काळ नीट निवडावा लागतो. पावसाळ्यात जांभ्यावर शेवाळ धरते, आणि त्यावरून धडधाकट माणूसही घसरतो. एप्रिल-मे महिन्यांत कातळ असा तापतो की अनवाणी पाऊल टेकवत नाही. कार्तिकी पौर्णिमेनंतर, चातुर्मास आटोपून साधू-साध्वींचे विहार पुन्हा सुरू होतात त्या सुमारास, येथला कातळ कोरडा झालेला असतो, सकाळी गारवा असतो, आणि पौष-माघात आंब्याच्या मोहोराचा वास गडग्यांवरून रस्त्यावर येतो. विहार करणाऱ्यांना ईर्यासमितीचा नियम असतो: पुढची साडेतीन-चार हात जमीन पाहत, जीव चुकवीत, सावकाश पाऊल टाकावे. नियम जीवदयेचा आहे. पण शस्त्रक्रिया झालेल्या पायालाही त्याहून अधिक सुरक्षित चाल कोणता फिजिओथेरपिस्ट सांगेल?

पहिला आठवडा बाजारपेठेच्या रस्त्याचा. काठी घ्यायची ती दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात. पुष्कळ लोक ती दुखऱ्या बाजूलाच धरतात आणि भार उलट वाढवतात. पायरी आली तर चढताना आधी चांगला पाय, उतरताना आधी दुखरा. अंतर मोजताना परतीचे अंतर विसरू नये. जाताना उत्साहाने चाललेले प्रत्येक पाऊल ही उधारी असते आणि ती येताना फेडावी लागते. व्यापाऱ्याला हे वेगळे समजावण्याची गरज नसावी. दहा मिनिटे जाऊन दहा मिनिटांत परतावे. चालताना थोडे दुखले म्हणून घाबरू नये, न दुखल्यास शेफारूनही जाऊ नये. आजच्या चालण्याचा निकाल उद्या सकाळी लागतो. अंथरुणातून उठल्यावर पाऊल कालच्याइतकेच किंवा कमी दुखत असेल तर दोन मिनिटे वाढवावीत. अधिक दुखत वा सुजत असेल तर कालचे चालणे जास्त झाले असे समजून एक पायरी खाली यावे.

अनवाणी चालण्याचा प्रश्न आपल्या घरांत सर्वांत नाजूक असतो. पाश्चात्त्य पुस्तकांत बरे झाल्याची खूण म्हणून बुटात चालणे सांगितलेले असते. आपले बरे होणे मंदिराच्या उंबरठ्याशी ठरते. ज्याला दर्शनाला अनवाणी उभे राहता येत नाही, पूजेसाठी खाली बसून उठता येत नाही, तो स्वतःला बरा झाला असे मानतच नाही. ही अडचण भारतात पूर्वीच ओळखली गेली. जयपूरचे डॉ. प्रमोद करण सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा यांनी 1960 च्या दशकाच्या अखेरीस कृत्रिम पाऊल घडवले ते बुटाशिवाय चालता यावे, उकिडवे बसता यावे, शेतात उतरता यावे म्हणून. आणि 1975 मध्ये डी. आर. मेहता यांनी स्थापिलेल्या भगवान महावीर विकलांग सहायता समितीने ते गरिबाच्या दारी नेले. स्वतःचे पाऊल शिल्लक असलेल्यासाठीही मोजमाप तेच धरावे. फक्त तेथे पोहोचण्याची घाई करू नये.

त्या दृष्टीने कोकणी घरापुढील शेणाने सारवलेले खळे ही अप्रतिम जागा आहे. ते सपाट असते, फरशीसारखे निसरडे नसते, सिमेंटसारखे कठीण नसते. डॉक्टरांची संमती मिळाल्यावर सकाळी पाच मिनिटे या खळ्यात अनवाणी उभे राहावे. प्रथम केवळ उभे. शस्त्रक्रिया झालेला माणूस नकळत चांगल्या पायावर रेलतो आणि महिनोन्‌महिने तसाच उभा राहतो. कायोत्सर्गात दोन पावलांमध्ये पुढून चार अंगुळे अंतर ठेवण्याची रीत आहे. आरंभी तोल सांभाळण्यासाठी ते वीतभर ठेवावे, पण भार मात्र दोन्ही तळव्यांवर सारखा आहे की नाही हे डोळे उघडे ठेवून पाहावे. मग ओटीच्या खांबाला धरून दोन्ही टाचा उचलाव्यात. काही आठवड्यांनी त्याच खांबाशी एकट्या दुखऱ्या पायावर टाच उचलता आली, तर पोटरीचे बळ परतले असे समजावे. हे साधत नाही तोवर श्रवणबेळगोळच्या विंध्यगिरीचा बेत करू नये. तेथे ग्रॅनाइटमध्ये खोदलेल्या सहाशेहून अधिक पायऱ्या अनवाणी चढायच्या असतात, आणि चढण्यापेक्षा उतरणेच पावलाची अधिक परीक्षा घेते.

ज्यांच्या तळव्यांची संवेदना मंदावली आहे, त्यांनी मात्र खळ्यातसुद्धा अनवाणी उतरू नये. वेलूरला कुष्ठरुग्णांवर उपचार करणारे डॉ. पॉल ब्रँड यांनी दाखवून दिले की पावले झडत होती ती जखम कळत नसल्यामुळे. वेदना हे संरक्षण आहे. त्या कामातूनच मऊ सच्छिद्र रबराच्या, एमसीआर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या चपला पुढे आल्या. मधुमेह्याचे पाऊल त्याच न्यायाने चालते. तापलेल्या मंदिराच्या अंगणात पोळलेला तळवा त्याला संध्याकाळी मोजा ओला लागल्यावर कळतो. यात आपल्या समाजाने लक्षात ठेवावी अशी आणखी एक गोष्ट आहे. पायाची बधिरता नेहमी साखरेनेच येते असे नाही. बी-12 जीवनसत्त्वाच्या कमतरतेनेही येते, आणि शुद्ध शाकाहारी कुटुंबांत ही कमतरता पुष्कळ आढळते. मधुमेहावरील मेटफॉर्मिन दीर्घकाळ घेतल्यासही ती वाढते. रक्ताची एक साधी तपासणी ते सांगते. ज्यांचा चौविहार आहे त्यांनी रात्रीच्या गोळ्यांविषयी शस्त्रक्रियेपूर्वीच डॉक्टरांशी बोलावे. न सांगता गोळी टाळणे किंवा उपाशीपोटी वेदनाशामक घेणे, दोन्ही वाईट. कॅल्शियमसाठी दुधाबरोबर कोकणातील नाचणी आहेच. आणि तंबाखूने हाड सांधण्यास विलंब होतो, हे निपाणीच्या रस्त्यावरचे गाव असल्याने येथे सांगून टाकलेले बरे.

पादत्राणांविषयीही थोडे. कोल्हापुरी चप्पल चामड्याची, म्हणून अनेक जैन घरांत ती येत नाही. पण नव्याने बऱ्या झालेल्या पावलाला ती तशीही सोयीची नाही. टाचेला पट्टा नसल्याने बोटांनी चप्पल धरून ठेवावी लागते, आणि नेमक्या त्याच स्नायूंना विश्रांती हवी असते. मागे पट्टा, पुढे रुंद जागा, तळ सहज न दुमडणारा, असे कापडी किंवा रबरी पादत्राण पाहावे. आणि ते संध्याकाळी, पाऊल थोडे सुजलेले असताना घ्यावे.

पाणंदींतून फिरू लागले की आंब्याच्या बागा जवळून दिसतात, आणि पायाच्या दुखण्याचे येथले रूपही दिसते. जुनी हापूसची झाडे उंच असतात. त्यावरून घसरून जो पायांवर पडतो त्याचे बहुधा टाचेचे हाड फुटते. सोबत पाठीचा मणकाही दबलेला असू शकतो, म्हणून टाच मोडून आलेल्याची पाठ तपासून घेतात. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने विकसित केलेल्या ‘नूतन झेल्या’मुळे देठासह फळ खालूनच काढता येते, आणि जुन्या झाडांची छाटणी करून उंची कमी करण्याची पद्धतही रुजते आहे. दोन्हींचा प्रचार फळाच्या प्रतीसाठी आणि उत्पन्नासाठी होतो. गड्याच्या टाचेसाठीही व्हायला हवा. पेटीचा भाव करताना या टाचेचा विचार घाटावरच्या खरेदीदाराच्या मनात सहसा येत नाही. स्वतः काठी टेकीत त्या बागेपाशी उभा राहिला म्हणजे येतो.

दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात पादत्राण घालून कातळ. ओबडधोबड पृष्ठभागावर घोटा प्रत्येक पावलाला थोडा वेगळा वळतो आणि अनेक महिने झोपी गेलेला तोल जागा होतो. येथे चालताना बोलू नये; सोबत्याने पुढे नव्हे, बाजूने चालावे. दिर्बा-रामेश्वराच्या देवळाकडे जाणारे गावकरी वाटेत भेटतात, विचारपूस करतात, आणि काठीकडे पाहून आपल्या घरातील कोणाच्या तरी पायाची हकीकत सांगतात. ती उभ्याने ऐकण्याऐवजी गडग्यावर बसून ऐकावी.

वाळू सर्वांत शेवटी. देवगडच्या किनाऱ्यावर, पवनचक्क्यांच्या पठाराखाली, ओहोटीच्या वेळी ओली वाळू घट्ट होते, तिच्यावर चालावे. कोरड्या वाळूत टाच रुतते आणि पोटरीवर दुप्पट ताण आल्यासारखे वाटते. किनारा समुद्राकडे उतरता असल्यामुळे जाताना एक पाऊल सतत खाली राहते, येताना दुसरे. म्हणून दुखरा पाय आधी वरच्या बाजूस राहील अशी दिशा धरावी आणि अंतर थोडके ठेवावे. मागे वळून पाहिले म्हणजे ओल्या वाळूत दोन रांगा उमटलेल्या दिसतात. दुखऱ्या पावलाचा अंगठा नीट उमटला आहे की बाहेरच्या कडेचाच ठसा आहे, आणि त्याचे पाऊल दुसऱ्याइतके लांब पडले आहे की नाही, हे पाणी वर येण्यापूर्वी पाहून घ्यावे.